रविवारशी रविवार ताडून बघा: लेकरांच्या सिनेमाची कमाई आणि कस कसा ओळखावा

गेल्या महिन्यात औसा तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळेतल्या एका सरांचा फोन आला. शनिवारी लेकरांना दप्तर आणायचं नसतं, वर्गात प्रोजेक्टर आहे, तर महिन्यातून एक सिनेमा दाखवायचा असं त्यांनी ठरवलंय. पंधरा नावांची यादी केली होती आणि त्यातली सहा स्वतःच खोडली होती. का खोडली म्हणून विचारलं तर म्हणाले, "काकू, ती पडलेली आहेत. मोबाइलवर बघितलं, लावलेले पैसेसुद्धा निघाले नाहीत." खोडलेल्यांत 'मिसिंग लिंक' होता, 'कुबो अँड द टू स्ट्रिंग्ज' होता. मी म्हटलं, सर, आधी ती नावं परत लिहा, मग बोलू.

हे त्यांच्यासाठी लिहितेय. आणि ज्यांना घरच्या, शाळेच्या, गल्लीतल्या लेकरांसाठी सिनेमा निवडायचा असतो त्या सगळ्यांसाठी.

मी लातुरात एका सिंगल स्क्रीन थिएटरच्या तिकीट खिडकीत एकोणीस वर्षं बसले. खिडकीला लोखंडी जाळी आणि खाली हात जाईल एवढी फट. माणसाचा चेहरा कमी दिसायचा, हात जास्त. रात्री हिशेब जुळवून रोजच्या कलेक्शनचा तक्ता, म्हणजे डीसीआर, मीच भरायची. त्यामुळं आकडा कसा तयार होतो हे मला ठाऊक आहे, आणि आकड्यात काय येत नाही हेही.

पहिली गोष्ट: एका हाताला किती तिकिटं जातात ते बघा. मारधाडीच्या सिनेमाला शुक्रवारी एका हाताला एक, फार तर दोन तिकिटं जायची. घरच्यांनी मिळून बघायच्या सिनेमाला रविवारी सहाच्या शोला एका हाताला पाच, सात, कधी अकरा. पैसे मोजायला वेळ लागायचा, कारण नोटा दोन-तीन जणींनी पदरातून काढून एकत्र केलेल्या असायच्या. आता खिडकी गेली, पण बुकिंगच्या ॲपवर खुर्च्यांचा नकाशा दिसतो. रविवारी दुपारी तो उघडून बघा. चार-चार, पाच-पाच खुर्च्या सलग भरलेल्या असतील तर घरंच्या घरं निघाली आहेत. एकेक सुटी खुर्ची विखरून भरली असेल तर प्रेक्षक वेगळा आहे, जाहिरातीत कितीही 'सहकुटुंब' म्हटलेलं असो.

दुसरी गोष्ट शोंची. आमच्याकडं बारा, तीन, सहा आणि नऊ असे चार शो असायचे. बाराला लेकरं शाळेत. नऊचा शो सुटेपर्यंत मध्यरात्र होते, तेव्हा लहान लेकरू घेऊन कोण बसणार? म्हणजे लेकरांच्या सिनेमाला चारांपैकी दोनच शो खरे मिळतात. ते दोन्ही भरले तरी दिवसाचा आकडा निम्माच दिसतो. मग तो आकडा मोठ्या नटाच्या सिनेमाशेजारी छापून येतो आणि वाचणारा म्हणतो, हा पडला. लेकरांच्या सिनेमाची तुलना लेकरांच्याच सिनेमाशी करावी.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, आणि ती मी एका चुकीतून शिकले. २००० नंतरच्या दशकात एक मराठी बालचित्रपट आमच्याकडं लागला होता. शुक्रवार थंड, शनिवार बरा, रविवारी तीन आणि सहा दोन्ही शो बऱ्यापैकी भरले. सोमवारी बाराच्या शोला अकरा तिकिटं गेली. मी तो आकडा तक्त्यात लिहिला, वर लाल शाईनं गोल केला आणि पुढं पाठवला. बुधवारी सिनेमा उतरवायचं ठरलं, शुक्रवारी दुसरा लागला. पुढच्या रविवारी दुपारी रेणापूरकडून एक जीप आली. त्यातून दोन बाया आणि नऊ लेकरं उतरली. शेजारच्या गावातल्या कुणीतरी त्यांना सांगितलं होतं, सिनेमा फार चांगला आहे म्हणून. मी जाळीतून सांगितलं, गेला तो सिनेमा. सगळ्यात लहान पोरगी बाहेरच्या चौकटीत आधीचं पोस्टर शोधत राहिली. सोमवारच्या आकड्याभोवती लाल गोल मी केला होता, आणि तो करायला नको होता.

तेव्हापासून माझा नियम असा: रविवारशी रविवार ताडायचा. सोमवार बघायचाच नाही. सोमवारी शाळा असते, बापाला कामाला जायचं असतं, लेकरांचा सिनेमा कोसळणारच. पहिल्या रविवारी शंभर तिकिटं गेली आणि दुसऱ्या रविवारी ऐंशी, तर सिनेमा जिवंत आहे. शंभराच्या वर गेली तर गावोगाव बोलणं सुरू झालंय. चाळीसवर आलं तर मात्र बघून गेलेल्यांनी शेजारी सांगितलं नाही.

देशभराच्या आकड्यांसाठी याचंच सोपं गणित आहे. एकूण कमाईला पहिल्या तीन दिवसांच्या कमाईनं भागा. उत्तर अडीचच्या खाली आलं तर लोक उत्सुकतेनं धावले आणि थांबले. चारच्या वर गेलं तर एकानं दुसऱ्याला सांगितलं. 'द जंगल बुक' भारतात ८ एप्रिल २०१६ ला लागला. पहिल्या तीन दिवसांत सुमारे ४० कोटी, आणि शेवटी १८० कोटींच्या पुढं. साडेचारपट. तो एप्रिल लातूरकर विसरणार नाहीत, मिरजेहून पाण्याची रेल्वे आली तोच महिना. घरात पिंपं रिकामी, थिएटरातले कूलर कोरडे फिरत होते, तरी सहाच्या शोला बाया लेकरांना घेऊन यायच्या. हिंदीत शेरखानला नाना पाटेकरांचा आवाज होता. बाहेर पडताना पोरं तोच आवाज काढत पायऱ्या उतरायची. अलीकडचं उदाहरण घ्यायचं तर २०२५ चा 'महावतार नरसिंह'. ॲनिमेशन, पहिल्या दिवशी देशभरात दोन कोटींच्या आत, आणि अखेरीस २०० कोटींपलीकडं. शुक्रवारच्या आकड्यावर त्याचा निकाल लावणारे सपशेल चुकले असते.

हेच गणित स्टॉप मोशनला लावून बघा; सरांनी खोडलेले 'मिसिंग लिंक' आणि 'कुबो' त्याच रीतीचे आहेत. स्टॉप मोशन म्हणजे बाहुली किंवा मातीचं चित्र हातानं किंचित हलवायचं, एक फोटो काढायचा, परत हलवायचं, परत फोटो. 'चिकन रन' अमेरिकेत २००० साली मोठ्या प्रमाणावर लागला तेव्हा पहिल्या तीन दिवसांत पावणेदोन कोटी डॉलर आणि तिथली एकूण कमाई १० कोटी ६० लाखांच्या वर. सहापट! 'कोरलाइन' २००९ चा: १ कोटी ६८ लाखांवरून साडेसात कोटी, साडेचारपट. 'मिसिंग लिंक' २०१९ चा: ५९ लाखांवरून १ कोटी ६६ लाख, पावणेतीनपट. म्हणजे 'मिसिंग लिंक'ला लोक सुरुवातीलाच आले नाहीत हे खरं, पण जे आले ते चिडून गेले असंही हा आकडा म्हणत नाही. जानेवारी २०२० मध्ये त्याच सिनेमाला गोल्डन ग्लोब मिळालं. समोर 'फ्रोझन २', 'टॉय स्टोरी ४' आणि 'द लायन किंग' होते.

मग तो बुडाला कशानं? खर्चानं. त्याला सुमारे १० कोटी डॉलर लागले आणि जगभरातून आले २ कोटी ६० लाख. त्याच लायका स्टुडिओचा 'कुबो' ६ कोटींत झाला आणि त्यानं पावणेआठ कोटींच्या आसपास कमावले. आकडा खर्चापेक्षा मोठा दिसतो, तरी तो तोट्यातच धरतात. कारण तिकिटाचा सगळा पैसा निर्मात्याकडं जात नाही. आपल्याकडं तिकिटातून आधी जीएसटी निघतो. उरलेल्याला नेट म्हणतात. त्या नेटमधून निर्माता-वितरकाचा शेअर ठरतो. २००९ मध्ये मल्टिप्लेक्सवाल्यांशी झालेल्या करारात तो पहिल्या आठवड्याला ५० टक्के, दुसऱ्याला साडेबेचाळीस, तिसऱ्याला साडेसदतीस आणि पुढं ३० असा ठरला होता. अमेरिकेतही स्टुडिओच्या हाती ढोबळमानानं निम्मंच येतं. वर जाहिरातीचा खर्च वेगळा. म्हणून धंद्यातले लोक म्हणतात, खर्चाच्या अडीचपट कमाई झाली तर सिनेमा तोट्यातून सुटला.

या करारात लेकरांच्या सिनेमाचं एक दुखणं लपलेलं आहे. तो हळूहळू चालतो. त्याचा मोठा पैसा तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात येतो, आणि तेव्हा निर्मात्याचा वाटा कमी झालेला असतो. चांगला सिनेमा करून, लोकांनी तो डोक्यावर घेऊनही हातात कमी पडतं. मला हे फार लागतं.

उलट खर्च आटोक्यात ठेवला तर काय होतं ते 'शॉन द शीप मूव्ही'त दिसतं. २०१५ मध्ये अमेरिकेत त्यानं दोन कोटी डॉलरही केले नाहीत. तिथली बातमी वाचली असती तर सरांनी तोही खोडला असता. पण खर्चच अडीच कोटींचा होता आणि जगभरातून १० कोटींच्या पुढं आले. म्हणून आकडा वाचताना तो कुठल्या देशाचा आहे, हेही बघून घ्या.

आणि आपल्या भागात बसून आपल्या थिएटरचा आकडा वाचत असाल तर भिंतीवरचं कॅलेंडर शेजारी ठेवा. येळवशीच्या, म्हणजे वेळ अमावास्येच्या सणाला लातूर शहर ओस पडतं. सगळे वावरात, भज्जी आणि आंबील. त्या आठवड्यात सिनेमा कोसळला तर दोष सिनेमाचा नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये दहावी-बारावीचं लेकरू असलेल्या घरातला टीव्हीसुद्धा झाकलेला असतो, आणि आमच्या शहरात शिकायला आलेली पोरं घराघरात आहेत. सोयाबीनचा पैसा हातात आला की दिवाळीनंतरचे दोन-तीन रविवार बरे जातात, पाऊस फिरला की तेही नाही. १४ नोव्हेंबर २०१४ ला बालदिनाला 'एलिझाबेथ एकादशी' लागला, तो दिवस कुणी विचार करूनच निवडला असणार. पुढं त्याला उत्कृष्ट बालचित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार विभागून मिळाला.

आणखी एक रकाना ठेवा: सिनेमा परत आला का? 'कोरलाइन' पंधरा वर्षांनी, २०२४ मध्ये, पुन्हा थिएटरात लावला तेव्हा त्यानं पाच कोटी डॉलरच्या पुढं नव्यानं कमावले. आठव्या वर्षी बघितलेली पोरगी तेविसाव्या वर्षी परत खुर्चीत येऊन बसली, असा मी त्याचा अर्थ लावते.

जे सिनेमे थेट मोबाइल-टीव्हीवर येतात, त्यांच्या बाबतीत कमाई विचारूच नका. तिथं 'व्ह्यूज' सांगतात. नेटफ्लिक्सवर व्ह्यूज म्हणजे बघितलेले एकूण तास भागिले सिनेमाची लांबी. चार घरांनी पाव-पाव बघून बंद केला तरी एक व्ह्यू, आणि एका लेकरानं चारदा पूर्ण बघितला तर चार. गिलेर्मो देल तोरोंच्या 'पिनोकियो'ला २०२३ मध्ये ऑस्कर मिळालं, पण तो किती चांगला आहे हे त्या आकड्यावरून कळायचं नाही.

आता कस.

स्टॉप मोशन पारखायला शिकायचं असेल तर आधी दोन सेकंदांचा सिनेमा स्वतः करा. मी हे नातीबरोबर केलं. गेल्या पोळ्याला तिनं काळ्या मातीची बैलजोडी केली होती. मोबाइल पुस्तकांच्या थप्पीला रबरानं बांधला, बैल पाटावर ठेवला आणि सुरू केलं. सिनेमात एका सेकंदाला २४ चौकटी, म्हणजे फोटो, असतात. एक हालचाल दोन-दोन चौकटी धरली तरी सेकंदाला १२ वेळा बैल हलवायचा. ८० मिनिटांच्या सिनेमात १ लाख १५ हजार २०० चौकटी होतात. आमचे २४ फोटो काढायला दुपार गेली. चालवून बघितलं तर बैल चालत होता, पण उजेड लुकलुकत होता, कारण खिडकीतलं ऊन सरकत गेलं होतं. दुसऱ्या दिवशी खिडकी झाकून दिवा लावला तर दिव्याच्या धगीनं बैलाच्या पायाला चिरा पडल्या. काळी माती वाळली की चिरतेच. तेव्हा कळलं की स्टॉप मोशनवाले प्लॅस्टिसिन नावाची माती का वापरतात: त्यात तेल असतं, ते वाळत नाही. 'वॉलेस अँड ग्रॉमिट'च्या २००५ च्या सिनेमाला २.८ टन प्लॅस्टिसिन लागलं होतं, त्याचा अर्थ मला त्या दुपारनंतर समजला. आणि दादासाहेब फाळक्यांनी १९१५ मध्ये 'आगकाड्यांची मौज' या छोट्या चित्रपटात काड्यापेटीतल्या काड्या हलवल्या होत्या, त्याचाही.

हे एकदा केलं की डोळा तयार होतो. मग सिनेमा लावून पाच मिनिटं आवाज बंद करा. पाऊल जमिनीवर पडताना अंग किंचित खाली बसतं का ते बघा. आमचा पहिला बैल तरंगत होता. पाय पुढं जात होते, पण वजन नव्हतं. चांगल्या कामात वजन दिसतं. मग बघा, पात्र स्थिर उभं राहू शकतं का. कच्च्या कामात सगळं सतत हलतं, कारण करणाऱ्याला भीती असते की थांबलं तर मेल्यासारखं दिसेल. पक्क्या कामात ते थांबतं, एकदा पापणी लवते, आणि तुम्हाला कळतं की ते विचार करतंय. ग्रॉमिट हा कुत्रा एक शब्द बोलत नाही, त्याला तोंडच काढलेलं नाही. सगळं कपाळावर आणि डोळ्यांत.

मातीवर बोटांचे ठसे दिसले तर तो दोष धरू नका. 'चिकन रन', 'शॉन' आणि ग्रॉमिट करणारे आर्डमन स्टुडिओवाले ते ठसे राहू देतात. लायकाचे चेहरे उलट गुळगुळीत, कारण ते थ्रीडी प्रिंटरवर छापून एकेक बदलतात. 'कोरलाइन'पासून त्यांनी ही रीत धरली. दोन्ही रीती खऱ्या. 'कुबो'त एक महाकाय सांगाडा आहे, त्याची बाहुली १६ फूट उंच बांधली होती. त्या सिनेमाला ॲनिमेशनबरोबर व्हिज्युअल इफेक्ट्सचंही ऑस्कर नामांकन मिळालं. ॲनिमेशनपटाला तसं नामांकन त्याआधी एकदाच मिळालं होतं, १९९३ च्या 'द नाइटमेअर बिफोर ख्रिसमस'ला. सरांनी खोडलेला सिनेमा तो हा.

हाताचं काम बघून झालं की गोष्ट बघा. मी एवढंच विचारते: लेकरू गोष्टीत स्वतः काही ठरवतं का, की मोठी माणसं येऊन सोडवतात? आणि मोठ्यांसाठी पेरलेले विनोद लेकरांच्या डोक्यावरून जाऊन त्यांनाच हसणारे आहेत का? असतील तर मी तो सिनेमा दाखवत नाही, कमाई कितीही असो. भीतीचं वेगळं. भीती असावी, पण वय बघून. 'कोरलाइन'मध्ये डोळ्यांच्या जागी बटणं शिवायची गोष्ट आहे; तो पाचवी-सहावीच्या आत दाखवू नका. 'शॉन द शीप'मध्ये संवादच नाहीत, म्हणून डबिंगची कटकट नाही, सबटायटल वाचायची नाहीत. पहिली ते चौथीसाठी सुरुवात त्यानंच करावी. प्रत मात्र रीतसर मिळवा. एवढ्या हातांच्या मेहनतीला चोरून बघणं बरं नाही.

दाखवताना पडद्याकडं तोंड करून बसू नका. पडद्याच्या कडेला, लेकरांकडं तोंड करून बसा. माझ्या वहीत तीन गोष्टी लिहिते: कितव्या मिनिटाला पाणी प्यायला उठणं सुरू झालं, कुठं सगळी एकदम गप्प झाली, आणि कुठं एखाद्यानं शेजारच्याचा हात धरला. पाण्याला उठणं विसाव्या मिनिटाच्या आत सुरू झालं तर सिनेमा त्यांना धरत नाहीये. मोठ्यांना कितीही आवडलेला असो, पुढच्या वेळी तो काढून टाकायचा. संपल्यावर लगेच 'आवडला का' विचारू नका, सगळी 'हो' म्हणतात. सोमवारी मधल्या सुट्टीत मैदानावर काय खेळतात ते बघा.

सरांनी पहिल्या शनिवारी 'शॉन'च लावला. सोमवारी त्यांनी फोन करून सांगितलं, तिसरीतल्या तीन पोरी एका मागोमाग एक, गुडघे न वाकवता, कुंपणाच्या कडेकडेनं मेंढरांसारख्या चालत होत्या, आणि चौथीतलं एक पोरगं, जे एरवी वर्गात बोलत नाही, त्यांच्यापुढं शिट्टी वाजवत होतं. आता सहावी-सातवीसाठी 'कुबो' लावतायत. तारीख येळवशीच्या आठवड्यात पडत होती, ती मी पुढं ढकलायला लावली. त्या दिवसांत लेकरं वावरात असतात.